रक्तातील विषाणूचा हिशोब आणि आमच्या आयाबहिणी

मागच्या पावसाळ्यात हिंगोलीच्या कोर्टात आमच्याकडे एक मुलगी वारसाच्या दाखल्यासाठी आली. सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली, बौद्ध समाजाची, बारावी झालेली. बाप आधीच गेलेला, आता आई गेली. आईच्या बँकखात्यात थोडे पैसे अडकलेले. कागद चाळताना मृत्यूचे कारण दिसले : गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. आम्ही मागितली नव्हती तरी मुलीने पिशवीतून दवाखान्याची जाड फाइल काढून टेबलावर ठेवली. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात तिच्या आईला शेक दिला होता, केमोच्या बाटल्या लावल्या होत्या. अंगावरून जायचे थांबले. बाई घरी आली, वर्षभर निंदण-खुरपणीच्या रोजगारालाही गेली. मग कंबर धरली, एक पाय सुजला. परत नेले तेव्हा आजार आत पसरला होता.

मुलगी म्हणाली, "साहेब, मायचा आजार परत सुरू झाला हे रक्त तपासून आधी कळालं नसतं का? शुगर कळते, कावीळ कळते. मग हेच का कळत नाही?"

आम्ही कायद्याचे पदवीधर, वैद्यकाचे नव्हे. त्या वेळी उत्तर देता आले नाही. पण बारावी शिकलेल्या पोरीने विचारलेला प्रश्न बिनउत्तराचा ठेवणे आम्हाला बरे वाटेना. डॉक्टर मित्रांना गाठले, त्यांनी दिलेले वाचले. तेव्हा कळले की या मुलीने नेमका तोच प्रश्न विचारला होता, ज्यावर जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा गेली पंचवीस वर्षे काम करीत आहेत. आणि उत्तर बऱ्याच अंशी 'होय, कळू शकते' असे येत आहे.

काही कॅन्सर विषाणूंमुळे होतात. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे जवळपास प्रत्येक वेळी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. जर्मनीचे हाराल्ड झुर हाउझेन यांनी हे दाखवून दिले आणि त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. हा विषाणू संसारी बाईला केव्हा ना केव्हा गाठतोच म्हणा ना. बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो. थोड्या जणींच्या पिशवीच्या तोंडाशी तो ठाण मांडतो, आणि दहा-पंधरा वर्षांनी तिथे कॅन्सर उभा राहतो. म्हणजे यात मागच्या जन्मीचे पाप नाही, देवीचा कोप नाही, बाईच्या चारित्र्याचा तर संबंधच नाही. कारण आहे म्हणून कार्य आहे. तथागतांच्या अनुयायांना हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो, कारण आमच्याही वस्त्यांतून या आजाराची बाई आजार लपवते आणि लपवता लपवता मरते.

आता रक्ताचे. कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी सारख्या मरत असतात, फुटत असतात, आणि त्यांच्यातल्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. गाठ विषाणूची असेल तर त्या तुकड्यांत विषाणूचा डीएनएही असतो. तो मोजता येतो. गाठ मोठी, तर रक्तात तो जास्त. औषधाने गाठ विरघळली, तर तो नाहीसा होतो. आणि उपचार संपल्यावरही तो रक्तात सापडत राहिला, तर समजावे की शत्रू कुठेतरी दडून आहे.

हे पहिल्यांदा नीट सिद्ध झाले ते नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये. हा कॅन्सर दक्षिण चीनमध्ये फार, आपल्या देशात नागालँडकडे जास्त. त्याच्या मागे एपस्टीन-बार नावाचा विषाणू असतो. हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या चमूने १९९९ मध्ये या विषाणूचा डीएनए रुग्णांच्या रक्तात मोजून दाखवला. २००४ मध्ये तैवानच्या डॉक्टरांनी ९९ रुग्णांचा हिशोब मांडला : उपचाराआधी ज्यांच्या रक्तात दर मिलिलिटरला १,५०० पेक्षा जास्त प्रती होत्या, त्यांचे पुढे अधिक वाईट झाले, आणि उपचारानंतरही ज्यांच्या रक्तातून तो डीएनए गेला नाही, त्यांचे तर फारच वाईट झाले. २०१७ मध्ये हाँगकाँगमधून पुढची बातमी आली. कसलीही तक्रार नसलेल्या २० हजारांहून अधिक पुरुषांचे रक्त तपासून ३४ जणांचा कॅन्सर पकडला गेला, आणि त्यातले बहुसंख्य पहिल्या पायऱ्यांवर होते.

एचपीव्हीच्या बाबतीत हेच काम नंतर सुरू झाले. फ्रान्समध्ये आणि कॅनडातल्या टोरांटोमध्ये, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक आणि केमो घेतलेल्या बायकांचे रक्त उपचारानंतर पुन्हा पुन्हा तपासले गेले. ज्यांच्या रक्तात विषाणूचा डीएनए उरला होता, त्यांचा आजार परतण्याचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. त्या मुलीच्या आईसाठी नेमकी हीच तपासणी हवी होती.

पण पक्षकाराला खोटी आशा लावणे आमच्या पेशात बसत नाही, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. हे अभ्यास लहान आहेत. कुठे पन्नास बायका, कुठे सत्तर. आजार परतल्याचे महिने आधी कळले म्हणून बाई जास्त जगते, हे अजून ठामपणे सिद्ध व्हायचे आहे. आणि निरोगी बाईचे रक्त तपासून पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आधीच पकडता येतो, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या काळात हा विषाणू कातडीच्या वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही. तेव्हा तपासायचा तो पिशवीच्या तोंडाचा स्राव. उद्या एखादी खासगी लॅब 'कॅन्सरची ब्लड टेस्ट, पाच हजारांत' असा बोर्ड लावील, तेव्हा आमच्या बंधू-भगिनींनी हे लक्षात ठेवावे.

डॉक्टर मंडळी या प्रकाराला रोगाचे भाकीत म्हणतात. भाकीत हा शब्द आमच्या लोकांनी ऐकला तो पंचांगवाल्याच्या तोंडून. त्याच्या भाकिताने आमच्या पिढ्यान्‌पिढ्या नागवल्या. हे भाकीत मात्र खरे की खोटे ते सहा महिन्यांत तपासता येते, आणि चुकले तर शास्त्रज्ञ स्वतःच छापून कबूल करतो. फरक एवढाच, की पंचांगवाला दारात चालत येतो आणि हे भाकीत हिंगोलीपासून शेकडो मैल दूर राहते.

किती दूर, ते बघा. ८ मार्च २०२५ रोजी, महिला दिनी, आपल्या जिल्ह्यात संजीवनी अभियान सुरू झाले. घरोघरी जाऊन २ लाख ९२ हजार ९९६ महिलांना प्रश्नावली विचारली गेली. त्यातल्या १४ हजार ५४२ जणींत कॅन्सरसारखी लक्षणे आढळली, असे आरोग्यमंत्र्यांनी जुलै २०२५ मध्ये विधिमंडळात सांगितले. तोवर तीन जणींना गर्भाशयाच्या मुखाचा, एकीला स्तनाचा आणि आठ जणींना तोंडाचा कॅन्सर असल्याचे निदान झाले होते. मुंबईच्या पेपरांत मथळे आले, दोन दिवस हिंगोलीचे नाव गाजले आणि विषय मिटला.

हे अभियान वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. उन्हातान्हात दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना आमचा जयभीम. इतक्या बायकांना त्यांच्या तब्येतीचे कोणी विचारले, हेच या जिल्ह्यात नवल. पण प्रश्नावली विचारते काय? अंगावरून पांढरे जाते का, मध्येच रक्त जाते का. सासू शेजारी बसलेली, दारात दीर उभा. कोणती सून खरे सांगणार? आणि खरे सांगितले तरी, ज्या टप्प्यावर हा आजार कायमचा बरा होतो त्या टप्प्यावर कसलेच लक्षण नसते. रक्त जाऊ लागले म्हणजे गाठ झालेली असते. लक्षणे विचारून हा कॅन्सर शोधणे म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप तपासणे. शिवाय मार्चच्या सुरुवातीला आपल्या जिल्ह्यातला कितीतरी कोयता पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या उसाच्या फडात होता. त्या बायकांना कोणी विचारले?

लक्षण नसताना विषाणूचा डीएनएच शोधायचा, तर त्याची तपासणी आहे. आणि आमचा संताप पुढच्या गोष्टीने वाढतो : ही तपासणी जीव वाचवते, हे जगाला कुठे कळले? अमेरिकेत नाही, युरोपात नाही. आपल्या मराठवाड्यात कळले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा हॉस्पिटल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ खेडवळ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि त्यांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्हीचा डीएनए एकदाच तपासला, दुसऱ्यात काचेवर नमुना घेऊन पेशी पाहिल्या, तिसऱ्यात अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहिले. चौथ्या भागातल्या ३१ हजार ४८८ बायकांची तपासणी केली नाही, तुलनेसाठी ठेवल्या. आठ वर्षांनी हिशोब झाला. तपासणी न केलेल्या भागात या कॅन्सरने ६४ बायका मेल्या. डीएनए तपासलेल्या भागात, बायका थोड्या जास्त असूनही, ३४. बाकी दोन पद्धतींनी मृत्यूंत म्हणावा असा फरक पडला नाही. हा निकाल २००९ मध्ये अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने डीएनए तपासणीलाच पहिली पसंती दिली. त्या शिफारशीमागे जे पुरावे आहेत, त्यांत तुळजापूर-भूमच्या मातीतल्या बायकांचाही पुरावा आहे.

तपासणीविना ठेवलेल्या त्या बायकांचा प्रश्न अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी पुढे उचलला. मुंबई, उस्मानाबाद आणि तामिळनाडूतले दिंडिगल या तीन अभ्यासांत मिळून १ लाख ३८ हजार ६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या किमान २५४ या कॅन्सरने मेल्या. संशोधक म्हणाले, त्या काळी देशात कुणाचीच तपासणी होत नव्हती, म्हणून आम्ही त्यांचे काही काढून घेतले नाही. युक्तिवाद म्हणून तो ऐकायला ठीक आहे. पण वकील म्हणून आम्ही उलट विचारतो : देशात तपासणी होत नव्हती हा गुन्हा कुणाचा, आणि त्या गुन्ह्याचा फायदा कुणाला मिळाला? पुरावा आमच्या बायकांनी दिला. मग निकालाची अंमलबजावणी आमच्या जिल्ह्यात का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांत ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शेकडा दोनसुद्धा निघाल्या नाहीत. आणि सरकारने २०१६ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात पद्धत निवडली ती अॅसिटिक अॅसिडची. ती स्वस्त आहे आणि मुंबईतल्या अभ्यासात तिने मृत्यू कमी केले, हे मान्य. पण उस्मानाबादेत तिला तसे यश आले नव्हते, आणि हिंगोलीचे खेडे उस्मानाबादसारखे आहे, मुंबईसारखे नाही.

असेच एकदा अमेरिकेत घडले होते. हेन्रिएटा लॅक्स ही तंबाखूच्या शेतात राबलेली काळी बाई १९५१ साली बाल्टिमोरमध्ये याच कॅन्सरने वारली, वय ३१. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी काढून घेतल्या, आणि त्या जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत वाढत आहेत. त्यांच्यावर कंपन्यांनी अमाप पैसा केला. घरच्यांना कित्येक वर्षे पत्ताही नव्हता. शेवटी वारस कोर्टात गेले, आणि २०२३ मध्ये एका मोठ्या कंपनीला त्यांच्याशी तडजोड करावी लागली. आमच्या पँथरांनी १९७२ मध्ये काळ्या पँथरांचे नाव घेतले ते उगीच नव्हते. काळ्या बाईच्या वारसांना सत्तर वर्षांनी का होईना, न्याय मागता आला. उस्मानाबादच्या बायकांच्या वारसांनी काय मागायचे? पैसा नको, ती तपासणी द्या.

तपासणी नसली म्हणजे तिची जागा कोण घेते, तेही आपण मराठवाड्यात पाहिले आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी पाहणी झाली. ८२ हजार ३०९ बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरे जाते म्हणून बाई खासगी दवाखान्यात गेली की एकच वाक्य : 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.' कॅन्सर होईल की नाही हे सांगणारी तपासणी कुणी केली होती? भीती विकली गेली आणि तिची किंमत मुकादमाच्या उचलीतून भरली गेली. खाडा पडू नये म्हणून बाईनेही होकार दिला. या बायकांची जात कोणती, ते आम्ही सांगायला हवे का? मागासवर्गीय, बंजारा, वंजारी, भूमिहीन. बागाईतदाराची बायको तिथे नव्हती.

'हे तंत्रज्ञान महाग आहे, जिल्हा पातळीवर शक्य नाही' असे साहेब लोक म्हणतात. तेच साहेब कोरोनात काय म्हणत होते, आठवा. वर्षभराच्या आत जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआरची यंत्रे बसली, कारण त्या विषाणूने बंगला आणि झोपडी असा भेद केला नाही. डीएनए शोधायला त्याच जातीचे यंत्र लागते. टीबीसाठी सरकारी दवाखान्यांत वापरतात ते ट्रुनॅट यंत्र गोव्यातल्या कंपनीचे. एचपीव्हीची तिची चाचणी आणि पुण्यातल्या एका कंपनीचा संच यांची परीक्षा झाल्याचे २०२५ मध्ये दिल्लीत जाहीर झाले. स्रावाचा नमुना बाईला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरात घेता येतो. ना पडदा हवा, ना पुरुष डॉक्टर.

आणि रक्तातला विषाणू मोजणे या देशाला नवे आहे असेही नाही. एचआयव्हीच्या रुग्णांना एआरटी सेंटरवर औषध मिळते आणि त्यांच्या रक्तातला व्हायरल लोड मोजला जातो. २०१८ पासून ही तपासणी सर्व रुग्णांसाठी मोफत करण्यात आली. कशी झाली? रुग्ण संघटित झाले, रस्त्यावर आले, कोर्टात गेले, म्हणून झाली. त्याच वर्षी काविळीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. 'ब' काविळीच्या रुग्णाच्या रक्तात विषाणूचा डीएनए जितका जास्त, तितका पुढे यकृताच्या कॅन्सरचा धोका जास्त, हे तैवानमध्ये ३,६५३ लोकांच्या पाहणीतून २००६ मध्ये दिसले होते. या कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत देण्याची तरतूद आहे. ज्यांच्या घरात 'ब' कावीळ निघाली आहे त्यांनी गावठी औषधाची माळ गळ्यात न घालता जिल्हा रुग्णालयात जाऊन ती मागावी. म्हणजे विषाणू मोजायची यंत्रणा आहे, सवय आहे. मुद्दा आहे तो बाईच्या आजाराला त्या रांगेत जागा देण्याचा. एचआयव्हीग्रस्त बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांच्या सहापट असतो. सरकार तिच्या रक्तातला एक विषाणू मोजते. दुसऱ्याची निदान स्रावातून तरी तपासणी होते का?

कायदा काय सांगतो? संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यावर थेट दावा लावता येत नाही, असे सरकारी वकील लगेच उठून सांगतील. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात म्हटले आहे, की वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैसे नाहीत ही सबब राज्याला चालणार नाही. तो खटला रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराचा होता, ज्याला कलकत्त्याच्या दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्याचा अपघात एका क्षणाचा, आमच्या बाईचा दहा वर्षे चाललेला. आणि १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देताना तो भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे अशीच भूमिका घेतली होती. महात्मा फुल्यांच्या नावाच्या योजनेत आज ऑपरेशन, केमो, शेक यांची पॅकेजेस आहेत. बाई आजारी पडून खाटेवर आली की योजना सुरू होते. धडधाकट असताना तिला कोणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आमच्या दृष्टीने ही मोठी संधी आहे. तिथल्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी सुरू व्हावी, आणि कॅन्सरचे उपचार घेऊन परतलेल्या बायकांच्या रक्तातील विषाणू मोजण्याचा अभ्यास टाटाच्या मदतीने इथेच व्हावा. यावेळी मात्र संमतिपत्र मराठीत हवे, आणि अभ्यास सिद्ध झाला तर तपासणी आधी याच जिल्ह्याला मिळेल हे त्यात लिहिलेले हवे.

आम्ही माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज टाकत आहोत. त्या १४ हजार ५४२ जणींपैकी कितींची पुढची तपासणी झाली? ती कोणत्या पद्धतीने झाली? त्यातल्या किती जणी अजून नुसत्या यादीत आहेत? फडातून परतलेल्या बायकांसाठी प्रश्नावलीची दुसरी फेरी झाली का? अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही नाही, आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एकाच अर्जाला वाटाण्याच्या अक्षता लावता येतात, शंभरांना लावता येत नाहीत. म्हणून कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव इथल्या महिला मंडळांनी आपापल्या गावासाठी असाच अर्ज करावा. नमुना त्या मुलीनेच आपल्या अक्षरात लिहून काढला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी कामाच्या दिवशी दुपारी दोननंतर कोर्टाच्या बाररूममध्ये यावे. झेरॉक्स आम्ही काढून देऊ.